रेल्वे आली, गिरणी आली, मग जात का टिकली? समाजव्यवस्था कशी बदलते, नागपूरच्या दाखल्यांतून

कार्ल मार्क्स कधी भारतात आला नाही. तरी १८५३ च्या जुलैमध्ये लंडनहून न्यूयॉर्कच्या एका दैनिकाला लिहिताना त्याने आपल्याबद्दल एक ठाम भाकीत करून ठेवलं. इंग्रज स्वतःच्या फायद्यासाठी भारतात रेल्वे आणतील, रेल्वेच्या मागून कारखाने येतील, आणि बापाचा धंदा मुलाने करायचा ही कामाची वंशपरंपरागत वाटणी त्यात मोडून पडेल. जात या वाटणीवरच उभी असल्याने तीही जाईल, असा त्याचा हिशोब.

त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपुरात पोचली. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल जुम्मा तलावाजवळ सुरू झाली. मार्क्सने सांगितलं त्याच क्रमाने सगळं आलं. जात मात्र गेली नाही.

समाजशास्त्रात समाजव्यवस्था आणि सामाजिक बदल यांवर जेवढं म्हणून लिहिलं गेलंय, ते या एका प्रश्नाभोवती मांडलं तर बरंच सोपं होतं. आपल्याकडच्या अभ्यासिकांमध्ये मुलं पार्सन्स, मर्टन, वेबर ही नावं तक्ता करून पाठ करतात. कोणी काय म्हटलं ते लक्षात राहतं, कशासाठी म्हटलं ते निसटतं. म्हणून तक्ता बाजूला ठेवून नागपूरच समोर घेऊ.

आधी व्यवस्था कशाला म्हणायचं ते ठरवू. नुसता माणसांचा जमाव म्हणजे व्यवस्था नाही. एकमेकांत गुंतलेले भाग असतील आणि एक हलला की दुसऱ्यालाही हलावं लागत असेल, तर ती व्यवस्था. एकोणिसाव्या शतकात हर्बर्ट स्पेन्सरने समाजाला सजीवाच्या शरीरासारखं मानलं. अवयव वेगळे, कामं वेगळी, जगतात मात्र एकमेकांवर. साध्या समाजातून गुंतागुंतीचा समाज तयार होतो, ही त्याची बदलाची कल्पना. ती आज फार भोळी वाटते. शरीरात हाताला पायाचा राग येत नाही, हात कधी संप करत नाही. समाजात दोन्ही होतं.

एमिल दुर्खेमने १८९३ मध्ये हा प्रश्न जास्त नेमका केला. लहान, जुन्या समाजात माणसं एकसारखी असतात, म्हणून एकत्र राहतात. मोठ्या, आधुनिक समाजात ती वेगवेगळी कामं करतात आणि एकमेकांवाचून त्यांचं अडतं, म्हणून एकत्र राहतात. कामाची वाटणी वाढली की समाजाला बांधणारा धागाच बदलतो. दुर्खेम प्रामाणिक माणूस होता. लादलेल्या वाटणीतून हा नवा धागा तयार होत नाही, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलं. ज्याला जे काम जमतं आणि हवं असतं ते त्याला मिळालंच नाही, तर त्यातून ऐक्य नव्हे, धुसफूस निघते. पुढे १९३६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा शेवटाला नेला: जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकाखाली एक रचलेली.

विसाव्या शतकात अमेरिकेत टॅल्कॉट पार्सन्सने या सगळ्याचं एक भलंमोठं यंत्र बांधलं. त्याचा समाजव्यवस्थेवरचा मुख्य ग्रंथ १९५१ चा. वाचायला रुक्ष आहे, पण त्याच्या एकूण विचाराचा गाभा अवघड नाही. कुठलीही व्यवस्था टिकायची तर तिला चार गोष्टी साधाव्या लागतात: बाहेरच्या परिस्थितीशी जुळवून पोटापाण्याची सोय करणं, कुठे जायचं ते ठरवून तिथे पोचणं, आतल्या माणसांना एकमेकांशी बांधून ठेवणं, आणि रीतभात व मूल्यं पुढच्या पिढीत उतरवणं.

गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली या भागातलं जुनं विणकर घर डोळ्यांसमोर आणा. पुरुष मागावर, बाया सूत उकलून कांड्या भरताहेत, पोरगं बसल्या जागी बघत बघत शिकतंय. लुगडं विकून पोट चालतंय. भांडण झालं तर जातीची पंचायत आहे, लग्न जातीत आहे, देव-सण ठरलेले आहेत. पार्सन्सची चारही कामं त्या एका ओसरीवर होताना दिसतात. आता बाहेरून धक्का द्या. गिरणीचं सूत आलं, मग गिरणीचं कापड आलं, पुढे यंत्रमाग आले. पहिलं काम, म्हणजे पोट भरणं, अडलं. पार्सन्स म्हणेल, व्यवस्था तोल सावरायला बघेल. ती सावरलीही. कोणी गिरणीत गेलं, कोणी यंत्रमाग घातला. माग थंड पडत गेले तशी घरातली झणझणीत भाजी चुलीवरून खानावळीत आली. आज देशभर ठाऊक असलेलं सावजी जेवण याच हलबा कोष्टी घरांमधलं. बायांच्या हातची जी चव घरापुरती होती, ती कमाईचं साधन झाली. जुळवून घेणं म्हणतात ते हेच.

पार्सन्सची मर्यादाही याच उदाहरणात दिसते. तोल सावरला, पण कोणाच्या जिवावर? एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. त्या जागेवर आज मॉल उभा आहे. शहराच्या हिशोबात जागेचा उपयोग बदलला, एवढंच. ज्याची हयात साच्यावर, म्हणजे गिरणीच्या मागावर, गेली त्याच्या घरात काय झालं, ते ‘समतोल’ या शब्दात मावत नाही. लुईस कोझर, राल्फ डारेनडॉर्फ यांच्यासारख्यांनी १९५० च्या दशकात पार्सन्सला नेमकं इथेच पकडलं. समाज फक्त सहमतीवर चालत नाही, सत्तेवरही चालतो; आणि झगडा हा व्यवस्थेचा आजार नसून तिच्या रचनेतूनच येणारी गोष्ट आहे. माझा कौल यांच्या बाजूने आहे. तरी पार्सन्सचे ते चार प्रश्न मी टाकून देणार नाही. कुठल्याही संस्थेला, चळवळीला, अगदी मोहल्ल्यातल्या मंडळालाही ते विचारून बघावेत. चारपैकी कुठल्या कामात ती लंगडी आहे ते लगेच कळतं.

आता मार्क्सच्या भाकिताकडे. गिरणीने काहीच बदललं नाही असं म्हणणं चूक आहे. नागपूरच्या गिरण्यांत महार कामगार मोठ्या संख्येने होते. गावच्या पाटलापुढे हात पसरून मिळणाऱ्या बलुत्याऐवजी हातात महिन्याचा पगार येणं ही लहान गोष्ट नव्हती. त्या पगारातून मुलं शाळेत गेली, वस्त्यांत वाचनालयं आली. पण गिरणीच्या आत काय होतं? मुंबईच्या गिरण्यांचा दाखला चांगला नोंदलेला आहे. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. त्यातली सुताची कांडी संपली की कामगार नवी कांडी घाली आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढी. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून विणाईच्या खात्यात, म्हणजे साचा खात्यात, अस्पृश्य कामगार नको, असा इतर कामगारांचाच हट्ट. पगार त्या खात्यात जास्त, आणि दार बंद. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे दार उघडण्याची मागणी लावून धरली.

या धोट्याकडे नीट बघा. यंत्र इंग्लंडचं, भांडवल आधुनिक, मजुरी रोख, आणि त्या यंत्राच्या एका भोकापाशी विटाळ येऊन बसलेला. मार्क्सचा अंदाज असा की उत्पादनाची साधनं बदलली की जुनी नाती त्यांना अपुरी पडतात आणि तुटतात. इथे जुनं नातं नव्या साधनात घुसलं आणि त्यानेच कामगाराला कामगारापासून तोडलं.

असं का होतं याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर युरोपातलं नाही. बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. वर जावं तसा मान वाढतो, खाली यावं तसा तिरस्कार वाढतो. साध्या विषमतेत वरचे मूठभर आणि खालचे सगळे असा सरळ सामना असतो, म्हणून खालचे एक होऊ शकतात. श्रेणीबद्ध विषमतेत जवळजवळ प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतं. प्रत्येकाला वरच्याचा राग असतो, पण जिना पाडायचा म्हटलं की आपलीही पायरी जाणार याची भीती असते. व्यवस्था टिकवायला मग वरून पहारा लागत नाही, मधली माणसंच पहारा देतात. साचा खात्याच्या दाराशी मालक उभा नव्हता. माझ्या मते भारतात समाजव्यवस्थेचा विचार इथून सुरू व्हायला हवा, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत हा मुद्दा शेवटच्या प्रकरणात ढकलला जातो याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून बदलाचा शोध घेताना मी आधी एकच विचारतो: ही व्यवस्था रोजच्या रोज कशाने टिकते? तिला हलवायची जागा तिथेच असते. पोटाच्या धंद्याने टिकत असेल तर धंदा बदलल्यावर ती हलेल. मनातल्या मान्यतेने टिकत असेल तर नुसता धंदा बदलून भागणार नाही.

मान्यतेची ही बाजू मॅक्स वेबरची. १९०४-०५ मध्ये त्याने युरोपातल्या भांडवलशाहीमागे एका धार्मिक शिस्तीचा हात असल्याचं मांडलं. माणसं स्वार्थाने चालतात हे त्याला मान्य होतं. पण स्वार्थाची गाडी कोणत्या रुळावरून धावणार ते पुष्कळदा विचार ठरवतात, रेल्वेच्या सांधेवाल्यासारखे. एक सांधा बदलला की पूर्ण गाडी दुसऱ्या दिशेला.

नागपूरने असा सांधा बदलताना पाहिला आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, नागपुरात त्यांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग जमलेल्या लाखोंना स्वतः दीक्षा देऊन बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञा समाजशास्त्राच्या नजरेने वाचाव्यात. कोणते देव मानणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही, ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करवणार नाही, सर्व माणसं समान मानीन. व्यवस्था ज्या ज्या घरगुती कृतीतून रोज नव्याने उभी राहत होती, ती ती कृती शोधून तिथे नकार ठेवलेला आहे. शेत, घर, नोकरी, दुसऱ्या दिवशी सगळं तेच होतं. जिन्यावरची आपली पायरीच नाकारली गेली होती.

मात्र हे एका दिवसात झालं असं मानणं त्या आधीच्या माणसांवर अन्याय आहे. कामठी-नागपूरच्या वाटेवर ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरी लिहायला-वाचायला शिकल्या आणि १९२० च्या दशकात त्यांनी नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. किसन फागुजी बनसोडे यांनी छापखाना आणि शाळा यांचं काम केलं. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या बाबासाहेबांच्या पक्षाचा पाया घातला गेला आणि त्याच वेळी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद भरली. गिरणीचा पगार, शाळा, संघटना आणि विचार हे सगळं एकत्र आलं तेव्हा १९५६ घडलं. मार्क्स की वेबर, हा परीक्षेतला प्रश्न नागपूरपुरता तरी चुकीचा आहे.

वेबरने आणखी एक धोक्याचं सांगून ठेवलंय. विलक्षण माणसाच्या शब्दावर उभी राहिलेली चळवळ त्या माणसामागे कशी टिकणार? एकतर ती विरते, नाहीतर तिला संस्था, नियम, दिवस आणि जागा मिळतात. बाबासाहेब दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला गेले. तरी ती विरली नाही. दीक्षाभूमीवर स्तूप उभा राहिला, २००१ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दसऱ्याच्या दिवसांत तिथे जाऊन बघा. शहरभरातल्या मंडळांचे भोजनदानाचे मंडप असतात, आणि त्याहून लक्षात राहतात ती पुस्तकांची दुकानं. रात्रभर प्रवास करून आलेल्या बाया कमरेच्या बटव्यातून पैसे काढून नातवासाठी पुस्तक घेतात. पार्सन्सचं चौथं काम, मूल्यं पुढच्या पिढीत उतरवणं, तिथे उघड्यावर चाललेलं असतं.

बदलाचे सगळेच प्रकार एवढे खोल नसतात. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५० च्या दशकात संस्कृतीकरण ही कल्पना मांडली. एखादी जात वरच्या जातींचे आचार उचलते, मांसाहार सोडते, नवी विधीविधानं धरते आणि पायरी चढायला बघते. यात जातीची जागा बदलते, जिना तसाच राहतो, हे श्रीनिवासांनीच स्पष्ट केलंय. १९५६ शेजारी हे ठेवलं की व्यवस्थेतला बदल आणि व्यवस्थेचा बदल यांतलं अंतर कळतं.

मारबतीचा विषय काढल्याशिवाय नागपूरकराला पुढे जाता येणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, असं सांगतात. ‘इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी होते. सोबत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, असतात, त्या त्या वर्षीच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे, एखाद्या पुढाऱ्याचे. रॉबर्ट मर्टन विचारेल, लोक सांगतात तो हेतू कोणता, आणि न सांगता साधतं ते काय? सांगितलेला हेतू रोगराई घालवणं. न सांगता साधतं ते असं की इतवारीतल्या गल्ल्या वर्षातून एकदा एक होतात आणि राज्यकर्त्यांना भर रस्त्यात बोल लावता येतो. मानववंशशास्त्रज्ञ मॅक्स ग्लुकमनने आफ्रिकेतल्या अशा सणांबद्दल म्हटलं होतं की ठरलेल्या दिवशीचं बंड राजवटीला उलट बळकटी देतं. मारबतीबाबत मला हे अर्धंच पटतं. वाफ निघून जाते हे खरं, पण काय चुकतंय ते मोठ्याने बोलायची सवयही तिथेच लागते.

आता थोडा अवघड गडी, निकलास लुमान. १९८४ मध्ये या जर्मन समाजशास्त्रज्ञाने म्हटलं की समाजव्यवस्था माणसांची बनलेलीच नसते, ती संवादांची बनलेली असते. आधुनिक समाजात कायदा, राजकारण, अर्थव्यवस्था, विज्ञान या वेगवेगळ्या व्यवस्था आहेत आणि प्रत्येकीला फक्त स्वतःचा प्रश्न ऐकू येतो. कायदा विचारतो, कायदेशीर की बेकायदा. बाजार विचारतो, पैसे दिले की नाही. राजकारण विचारतं, सत्तेत की विरोधात. एकीचं उत्तर दुसरीत जसंच्या तसं चालत नाही.

हे पोकळ वाटत असेल तर हलबा कोष्टींच्या प्रश्नाकडे बघा. पिढ्यानपिढ्या आपण हलबा, म्हणजे आदिवासी जमातीचे, आहोत, विणकाम हा नंतर धरलेला धंदा आहे, असं या समाजाचं म्हणणं. २८ नोव्हेंबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जमातींची जी नोंद आहे ती आहे तशीच वाचायची, तिच्यात हलबा कोष्टी बसतात का याचा बाहेरचा पुरावा घेऊन शोध घ्यायचा नाही. इतिहास काय, घरातले देव कोणते, पूर्वज कुठून आले, हे घरासाठी सर्वस्व होतं. कायद्याच्या कानाला तो प्रश्नच नव्हता. राजकारणाने त्याच गोष्टीला मतदारसंघ म्हणून ऐकलं आणि निवडणुकीत आश्वासनं दिली. प्रशासनाने शेवटी २०१९ मध्ये, जात वैधता न मिळालेल्या कर्मचाऱ्यांसाठी अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या, पदांची वाट काढली. एकच माणूस घरी हलबा, न्यायालयात अवैध, प्रचारसभेत मतदार आणि कार्यालयात अधिसंख्य. कोणाची बाजू खरी हा वाद मी इथे सोडवत नाही. पण हा माणूस इतकी वर्षं का पिळून निघाला, ते लुमानमुळे मला नीट समजलं.

राहता राहिला ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स. त्याचं म्हणणं थोडक्यात: रचना म्हणजे आपल्या डोक्यावरचं छप्पर नाही, आपण रोज जे करतो त्यातूनच ती उभी राहते, आणि तीच आपल्याला काय करता येईल तेही ठरवते. त्याच्या साठेक वर्षं आधी, मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातीची ही रोजची कृती नेमकी दाखवली होती: जातीतच लग्न. धंदा, खाणंपिणं, शिवाशिव, हे सगळं ढिलं झालं तरी हे एक टिकलं की जात टिकते.

नागपुरात कुठल्याही समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यात वाटला जाणारा अर्ज बघा. शिक्षण, पगार, उंची, पत्रिका, आणि त्यांच्यासोबत पोटजातीचा रकाना. दीक्षेला साठ-सत्तर वर्षं झालेल्या घरांतही तो कधीकधी भरला जातो, आणि पुण्याच्या आयटी कंपनीत नोकरी करणारी मुलंही निमूट भरतात. मार्क्सची गिरणी या रकान्यापर्यंत पोचली नाही. तिथे पोचायची कायद्याची एक वाट आहे, १९५४ चा विशेष विवाह कायदा. पण त्यात लग्नाची नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावायची आणि हरकतींसाठी तीस दिवस थांबायचं अशी अट आहे. घरच्यांना न सांगता लग्न करू बघणाऱ्या मुलीसाठी ते तीस दिवस म्हणजे भावाला, मामाला, समाजाच्या अध्यक्षाला मिळालेली सवड. राज्य सरकार पात्र आंतरजातीय जोडप्याला पन्नास हजार रुपयांचं सहाय्य देतं, ते लग्न झाल्यावर. त्या रकमेआधी ही तीस दिवसांची जाहीर नोटीस काढून टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे.